सह्याद्री मेसची वांगी

माझ्या सुनेनं, रंजीतानं, महिनाभर खपून मोबाईलवर जे काही बनवलं, त्याला ती प्रोटोटाइप म्हणते. मी नमुना म्हणते. घरात माझा शब्द चालतो, म्हणून आता माझा मुलगा सुरेंद्रही नमुनाच म्हणतो.

नमुना असा, की मेसवाले, हॉटेलवाले सकाळी मोबाईलवरून भाजी मागवणार, आम्ही आदिलाबादच्या मार्केटातले दुकानदार बोट दाबून हो म्हणणार आणि त्यांचा माणूस येऊन माल उचलून नेणार. रंजीताची कंपनी हैदराबादची, पण काम ती आमच्या माडीवर बसून करते. तिच्या मॅडमनं सांगून ठेवलं होतं, दुकानदारांना हे वापरता येतं असं दाखव, नाहीतर काम भार्गव नावाच्या पोराकडे जाईल आणि तू इकडे ऑफिसात ये. ती गेली म्हणजे सुरेंद्रही जाणार. मागं राहणार दुकान आणि मी. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मी कोणाला थांबवत नसते.

फक्त त्या महिन्यात मला एका जागी बसवत नव्हतं. रंजीता माडीवर रंग बदलत बसायची. हिरवा करायची, मग त्याहून जरा हिरवा. "आई, हा बरा की हा?" मला दोन्ही पालकाचेच दिसायचे.

"अवं, दाखव तं एकदा लोकायले," मी म्हणायची. "काऊन लपवून राह्यली?"

"थोडंच राहिलं, आई."

ते थोडं म्हणजे काय, तर हो दाबलं की एक टेम्पो पळत जायचा आणि वरून फुलं पडायची. त्या फुलांपायी आठवडा गेला.

मॅडमबरोबरच्या मीटिंगचा दिवस उजाडला तेव्हा कुठं ती मोबाईल घेऊन मार्केटात आली. गुडीहत्नूरची वांगी नुकती उतरत होती. पहिलं माझंच दुकान धरलं तिनं.

"आई, हे खरं नाही बरं का. नुसतं दाखवायला आहे."

"मले शिकवून राह्यली का? माह्याच घरात बनलं ना ते?"

स्क्रीनवर मराठीत लिहिलं होतं. मी अक्षराला अक्षर लावत वाचलं. सह्याद्री मेस. वांगी दहा किलो. टोमॅटो पाच किलो. खाली हिरवं बटण. दाबलं. टेम्पो पळाला, फुलं पडली. रंजीतानं माझा व्हिडिओ काढला आणि शेजारच्या रामाजीकडे गेली.

आता मी काय समजले ते सांगते. टेम्पो खोटा, फुलं खोटी, एवढं मला कळत होतं. पण गिऱ्हाइकाचं नाव आहे, वजन आहे, मग मेस खोटी कशी असेल? आणि ती तर माझी बोहनी होती, दिवसाची पहिली विक्री. आमच्या ओळीत बोहनीच्या गिऱ्हाइकाला कोणी परत पाठवत नाही आणि त्याचा माल उठल्याशिवाय दुसऱ्यासाठी तराजूला हात लावत नाही. मी वांगी निवडून तोलली, पोतं बांधलं, टोमॅटो वेगळे तोलले आणि सगळं बाजूला ठेवलं.

तेवढ्यात वामनराव आले. त्यांची खानावळ आहे, माझं जुनं गिऱ्हाईक.

"काकू, सगळी वांगी टाका. साखरपुड्याचं जेवण हाय आज."

"थांबा थोडं. बोहनी व्हायची हाय."

"तं माह्या हातानं करा ना."

"ठरली ती. सह्याद्री मेसची हाय."

"हे कुठं आली सह्याद्री मेस?"

मला काय माहीत कुठं आली! पण उभा जन्म या मार्केटात गेला, आणि माहीत नाही म्हणायचं? "बसस्टँडच्या मागं," मी म्हटलं. "नवीन हाय. तुमच्याहून मोठी."

वामनराव तोंड वाकडं करून पलीकडच्या ओळीत गेले. सगळी वांगी तिकडून घेतली.

ऊन चढलं. मेसचा माणूस येईना. मी उठायची, वांग्यांवर पाणी मारायची, बसायची, पुन्हा उठायची. पद्मिनी नावाची तेलुगू मास्तरीण रोज माझ्याकडून भाजी नेते. "अम्मा, वंकाय एंत?" तिनं वांग्यांचा भाव विचारला. तिलाही थांब म्हटलं. ती थांबली नाही. मग माझं लक्ष रामाजीकडे गेलं. त्याच्यासमोरही बांधलेलं पोतं आणि तो माशा हाकत बसलेला.

"काऊन रामाजी, तराजूले उपास हाय का आज?"

"बोहनी अडकली, वहिनी. सह्याद्री मेसवाला येऊन नाही राह्यला."

"मले बी त्यायचंच हाय!" पलीकडून मारोतराव ओरडला. "मोठी पार्टी दिसते."

"असनच," रामाजी म्हणाला. "बसस्टँडच्या मागं हाय म्हणते. वामनराव सांगून गेला. त्याले एकदम खात्रीच्या माणसानं सांगितलं."

मी पदर सारखा केला आणि तरातरा घरी निघाले.

रंजीता माडीवर आनंदात होती. "आई, पाचही दुकानदारांनी हो दाबलं! एकजणही अडखळला नाही!"

"कुठं हाय तुही सह्याद्री मेस?"

"ती नाहीच, आई. नाव मी मनानं टाकलं होतं. प्रत्येकाला तेच दाखवलं."

"मार्केटची आमची अर्धी ओळ तराजू बांधून बसली तिच्यासाठी!"

तिला समजायला जरा वेळ लागला. मग तिनं विचारलं, "पण एवढा माल नाही, परवडत नाही, असं कोणीच कसं म्हटलं नाही?"

"बोहनीले नाही म्हणते का कोणी? पहिल्या गिऱ्हाइकानं दगड मागतला तं दगड तोलून देऊ आमी."

ती खुर्चीत बसली. पाच जणांचे हसरे व्हिडिओ तिच्या हातात होते. हैदराबादेत बसून कोणाला काही कळणार नव्हतं. आणि मीच म्हटलं, "दाखवून टाक ना तसेच. हो तं म्हटलंच हाय सगळ्यायनं."

रंजीतानं माझ्याकडे पाहिलं. "आणि उद्या खरंच सुरू झालं, दहा मेसवाल्यांनी एकदम वांगी मागितली, तर?"

"पहिल्याले देईन."

"आणि बाकीच्यांना?"

तिनं मोबाईल पालथा ठेवला, भिंतीवरचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर ओढून काढलं आणि पानं फाडायला लागली. पानांच्या कोऱ्या पाठीवर स्केचपेननं चौकोन काढले, त्यात बटणं काढली. रंग नाही, टेम्पो नाही, रेघाही वाकड्या. महिन्याचं काम तिनं भाकरी भाजून व्हायच्या आत उरकलं.

"चला आई. तुम्ही मोबाईल व्हायचं."

"मी काय व्हायचं?"

"ते कागदावर बोट ठेवतील, तुम्ही त्याच्या पुढचा कागद समोर ठेवायचा. फक्त बोलायचं नाही. मोबाईल बोलत नाही."

मार्केटात तिनं आधी सगळ्यांपुढं कबूल केलं, मेस नव्हती, चूक माझी. रामाजी माझ्याकडे वळला. "मंग बसस्टँडच्या मागं काय हाय, वहिनी?"

"जाऊन पाहून या ना," मी म्हटलं.

"आई, मोबाईल!"

मी तोंड मिटलं. रामाजीनं कागद पाहिला आणि खो खो हसला. "हे काय, पोरायचा खेळ हाय का?" पण सकाळी मोबाईलला घाबरत घाबरत एक बोट लावणारा माणूस आता मांडी घालून बसला. एका बटणावर बोट ठेवलं, दुसऱ्यावर ठेवलं, मग म्हणाला, "हे नाही जमत. माल आला नसन तं? 'थांबा' म्हणाले जागा कुठं हाय याच्यात?" रंजीतानं तिथंच बटण काढून दिलं. मारोतरावनं तर तिच्या हातातलं पेनच घेतलं. 'हो'वर काट मारली आणि लिहिलं, अर्धा देतो. "पूर्ण माल एकाले देऊन मी दिवसभर काय करू?" तो चुकीचं बटण दाबत होता आणि मी ओठ चावत होते. शेवटी राहवलं नाही. "अरे मुर्दाडा, खालचं दाब!"

"मोबाईल बिघडला!" सगळी ओळ हसली.

दुपारी मीटिंग. मी जिन्यात उभी राहिले. कोणाचं ऐकायला नाही, जिन्यात वारा चांगला येतो. आधी भार्गवनं तिकडच्या दुकानदारांसाठी बनवलेला त्याचा नमुना दाखवला. सिनेमा वाटावा असा. मग रंजीतानं कॅलेंडरची पानं कॅमेऱ्यासमोर धरली.

"ये क्या है?" प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या. "वो सुंदर वाला कहाँ है?"

"वो फेल हो गया, मॅडम."

ही पोरगी स्वतःच्या तोंडानं नापास झाले म्हणत होती. मग तिनं मेस, बोहनी, बांधलेली पोती, मारोतरावचं 'अर्धा देतो', सगळं सांगितलं. भार्गव हसल्याचं ऐकू आलं. मॅडम हसल्या नाहीत.

"भार्गव, तुम्हारे वाले को किसी ने ना बोला?"

"नहीं मॅडम, सब ने हाँ बोला."

"दिखाया कब था?"

"सुबह. दुकान खुलते ही."

मग मॅडम म्हणाल्या, रंजीता, तू तिकडेच थांब. बोथ आणि मुधोळच्या बाजारात हे कागद घेऊन जा. त्यानंतर बघू.

रंजीता बाहेर आली ती पानं छातीशी धरून. मी तिथंच होते.

"त्यानंतर बघू म्हणजे काय?"

"म्हणजे मलाही माहीत नाही, आई."

मी दुकानावर आले. सुरेंद्र गिऱ्हाइकात होता. "काय झालं वो माय? हैदराबाद?"

"अजून नाही," मी म्हटलं आणि तराजू हातात घेतला. समोरच्या बाईला पावशेर मिरची हवी होती. पारडं काही केल्या थांबेना. मी माप उचलून पुन्हा ठेवलं, चार मिरच्या काढल्या, दोन टाकल्या.

"काकू," ती बाई म्हणाली, "थांबू तं द्या त्याले."