बुधाचा डावा पाय

आमच्या ह्यांच्या स्कूटरचे कागद म्हणजे बघण्यासारखी चीज. आरसी, विमा, पीयूसी, लायसन, सगळं प्लॅस्टिकच्या पाकिटात, आणि त्या पाकिटाला वरून आणखी एक पिशवी. हवालदारानं गाडी अडवली की लोकांचं तोंड वाकडं होतं, हे मात्र खूश व्हायचे. एवढं नीट ठेवलेलं कोणीतरी बघतंय म्हणून.

अशा माणसाचा हात एका सायकलनं मोडला.

शुक्रवार होता, म्हणजे कारखान्याची सुट्टी. नवापूर रस्त्यावर स्कूटर स्टँडला लावून हे वांगी निवडत होते, मी पिशवी धरून शेजारी. मागून एक सायकल भरधाव आली आणि थेट ह्यांच्यात घुसली. हे वांग्यांवर, सायकल ह्यांच्यावर, आणि सायकलवाला शेजारच्या मेथीत. मेथीत पडलेल्याला साधं खरचटलंही नाही. ह्यांचा उजवा हात मनगटापाशी असा वळला होता की मी दुसरीकडे बघत राहिले.

सायकलवाल्याचं नाव बुधा. नागझरीच्या बाजूच्या पाड्यावरचा. एमआयडीसीत ठेकेदाराकडे ट्रक भरायचं काम करतो. तो पळून गेला नाही याचं तिथे जमलेल्यांना फार कौतुक वाटलं. दवाखान्यात मी त्याला ते बोलूनही दाखवलं.

"पलालोच असतो, बाय," तो म्हणाला. "चेन पडली."

चौकीत हवालदारांनी खुर्ची दिली, पेन उघडलं. "गाडी नंबर?" मी सायकल म्हटल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"रंग तरी?"

"काळा."

"वहिनी, सकाळच्या शिफ्टला कुठल्याही गेटवर उभ्या राहा. काळ्या सायकलीच सायकली."

"पण माणूस सापडलाय. हा काय, बाहेर बाकावर बसलाय."

त्यांनी मान लांब करून बुधाकडे पाहिलं. बुधानं हात जोडले. "याच्याकडून काय घेणार तुम्ही?" हवालदार हळूच म्हणाले. "आत टाकू? साहेबांचा हात बसेल का त्यानं?"

मग आम्ही प्रफुल्लकडे गेलो. प्रफुल्ल स्कूटरचा विमा काढून देतो, बायकोच्या साड्यांना माझ्याकडून फॉल लावून नेतो, त्यामुळे तो खोटं सांगणार नाही असं मला वाटत होतं. नाहीच सांगितलं त्यानं.

"काका, तुमचा विमा तुमच्या गाडीनं दुसऱ्याला लागलं तर. तुम्हाला लागलं तर नाही."

"माझ्यासाठी काहीच नाही त्यात?"

"आहे ना. तुम्ही गाडीवर बसलेले असता आणि हात पूर्ण गेला असता, तर विम्याचे अर्धे पैसे मिळाले असते."

कारखान्याचं दवाखान्याचं कार्डही बंद झालेलं होतं. मागच्या दिवाळीला पगार त्या कार्डाच्या मर्यादेच्या जरासा वर गेला, आम्ही गल्लीत पेढे वाटले, आणि त्याच पेढ्यांत ते कार्ड गेलं.

प्लास्टर निघालं. हाड जुळलं म्हणाले डॉक्टर. मूठ काही वळेना. कापडाच्या कारखान्यात हे ज्या मशीनवर उभे राहतात, तिथे उजव्या हातानं चाक घट्ट धरून फिरवावं लागतं. ते धरता आलं तर काम, नाही तर त्यांच्या जागी उभा राहायला गेटवर माणसांची कमी नाही. कंपनीनं सोमवारी हात दाखवायला बोलावलं होतं. मी विचारलं की हे म्हणायचे, "वळतीये आता." हात टॉवेलखाली असायचा.

या सगळ्या दिवसांत बुधा येत राहिला. सुटल्यावर, पाड्यावर जाण्याआधी. कधी रानातले करांदे, ते कंद, उकडून आणायचा, कधी नुसताच. ओट्यावर उकिडवा बसायचा आणि ह्यांच्या शिव्या खायचा. नातेवाईक सगळे परभणीला, शेजाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात येऊन घेतलं. रोज येणारा हा एकटाच. संध्याकाळी यायला उशीर झाला की हे दाराकडे बघायचे. "आला नाही का तो हरामखोर?"

मला खरं तर तो यायला नको होता. तो पळाला असता तर मी त्या काळ्या सायकलवाल्याला मनासारखे शाप दिले असते. समोर बसून चहात बिस्कीट बुडवणाऱ्याला काय देणार?

ह्यांचं तेव्हा एकच पालुपद चालू होतं. सायकलीला नंबर पाहिजे, विमा पाहिजे, टॅक्स पाहिजे. "रस्ता आम्ही टॅक्स भरून करायचा, आणि ह्यानं फुकट यायचं आमच्या अंगावर. का रं?"

"घ्या ना टॅक्स," बुधा म्हणायचा. "नंबर बी द्या. आमच्या सायकलीला कोन नंबर देतंय?"

"आणि विम्याचा हप्ता?"

"तो ठेकेदार कापंल. तो सगल्याचंच कापतो."

"अहो, ब्रेकचं रबर घ्यायचं तर तो पगाराची वाट बघतो," मी म्हटलं. "हप्ता कशातनं भरंल?"

"मग पायी चालावं."

"नागझरीपासून?"

"तू कुणाच्या बाजूची आहेस, सुगंधा?"

मला दोघांचंही बरोबर वाटायचं, आणि दोघांच्या बरोबर असण्यानं बोटं काही वळत नव्हती.

एका संध्याकाळी हे बोलून गेले, "तू मला धडकलास त्याऐवजी मी तुला धडकलो असतो, तर सगळं नीट झालं असतं बघ. तुला कोर्टातनं का होईना, मिळालं असतं. माझे कागद पक्के आहेत."

बुधा चहा प्यायचा थांबला. "मला मिलालं असतं?"

"तर. मोडलं असतं तर."

त्यानं कप विसळून पालथा घातला आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. ह्यांनी दोनदा मला विचारलं की मी त्याला काही बोलले का.

शुक्रवारी दुपारी आला. सायकल बाहेर लावली, चपला काढल्या, पण ओट्यावर बसला नाही.

"शेठ, मी पाड्यावर इचारलं. धडका तुमी."

"काय?"

"तुमी मला धडका. स्कूटरनी. मला मिलेल ते तुमाला. डावा पाय चालंल. उजवा मला सायकलीला लागतो, पायडल मारायला."

हे हसले. पुष्कळ दिवसांनी हसले, म्हणून मीही हसले. बुधा हसला नाही. मग आमचं हसणं थांबलं. ह्यांची नजर हळूच खाली गेली, बुधाच्या डाव्या पायाकडे. हे मी पाहिलं. आणि मी ते पाहिलं, कारण मीही तिथेच बघत होते. काळा, वाळका पाय, घोट्याला धूळ.

"वेडा आहेस का," मी म्हटलं. उशिरा म्हटलं.

"नीट हलू धडकायचं," बुधा मला समजावत म्हणाला. "ते काय मारायचं नाय."

"अहो, सांगा ना त्याला."

हे उठले. मला वाटलं त्याला घालवून देतील. त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली, डाव्या हातानं.

"चल," म्हणाले. "फार हौस आहे ना. चल, उभा राहा."

घाबरवण्यासाठी म्हणाले. मी आजही तसंच समजते. भीती दाखवली की हा पळेल आणि पुन्हा असलं बोलणार नाही. पण बुधा पळाला नाही. गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबाजवळ जाऊन उभा राहिला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, डावा पाय पुढे काढला आणि डोळे मिटले. शेजारची बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिला वाटलं असेल, काही खेळ चाललाय.

ह्यांनी डाव्या हातानं किल्ली फिरवली, डाव्याच हातानं बटणाशी झटापट करून स्कूटर चालू केली, स्टँडवरून काढली. बसले. मी दारात. "पुरे आता," मी म्हणाले, पण इंजिनाच्या आवाजात ते मलाच ऐकू आलं.

मग त्यांनी उजवा हात टॉवेलखालून काढला. पुष्कळ दिवसांनी मी तो उजेडात नीट पाहिला. तो हँडलवर ठेवला. बोटं रबरावर पसरली, जशी टेबलावर ठेवावीत तशी. त्यांनी मूठ वळायला घेतली. कपाळाला घाम आला, खांदा वर आला, कोपर थरथरलं, आणि बोटं जिथे होती तिथेच. त्यांनी डाव्या हातानं एकेक बोट धरून हँडलभोवती गुंडाळलं. सोडल्याबरोबर ती पुन्हा उघडली.

स्कूटर जागच्या जागी फुरफुरत राहिली.

हे त्या बोटांकडे बघत होते. बुधाला धडकायचं त्यांच्या मनात कधीच नव्हतं, पण आता ते तेही विसरून गेले होते. ते सोमवारकडे बघत होते. एवढे दिवस टॉवेलखाली झाकून ठेवलेला सोमवार.

"वळत नाहीये, सुगंधा," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात, मीठ संपलंय म्हणावं तसं.

मी जाऊन किल्ली बंद केली. त्यांच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण गल्लीत लोक होते. मी नुसतं हँडल धरून उभी राहिले, स्कूटर कलंडू नये म्हणून.

आवाज थांबला तसं बुधानं अंग आणखी आवळलं. पाय होता तिथेच पुढे.

"झालं का, शेठ?" त्यानं डोळे न उघडता विचारलं.