शेवटच्या पायरीपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना लेझर आहे. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं उजेड दिला. आता फार थकलो आहे, म्हणून थोडक्यातच सांगतो.

माझं काम अणूंना थोपवण्याचं. हवा काढून घेतलेल्या काचेच्या पेटीत रुबिडियम या धातूचे थोडे अणू सोडत. ते भयंकर धावत. मी समोरून उजेडाचे हलके धक्के देई, की ते मंदावत. मग उजेडाच्याच जाळ्यात त्यांना धरायचं. तिथेही ते थरथरत राहत, आणि ती थरथर पायरी-पायरीनेच उतरे. अणूंना सगळ्यांत खालच्या पायरीवर नेऊन दाखवणं, हे गुंजनचं पीएचडीचं काम होतं.

तिच्या मार्गदर्शक उत्तराबाई पूर्वी पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणत. पण वय झालं तसा माझ्या उजेडाचा रंग ढळू लागला. मे महिन्यात खोलीचा एसी बंद पडला आणि मी हरलोच. रंग केसभर हलला तरी अणू निसटत. जूनअखेर गुंजनची मुदत संपत होती. वैतागून ती माझ्यातला विद्युतप्रवाह वाढवत गेली. अंग जळत होतं, सांगू कोणाला?

"बस कर, गुंजन. मरेल तो," उत्तराबाई म्हणाल्या.

इतक्यात परिचर कवडूभाऊ कूलर ढकलत आले.

"कूलर काहून आणला, भाऊ? याच्या आरशांवर ओल बसते ना!" गुंजन ओरडली, आणि डोळे पुसत खुर्चीत बसली.

कवडूभाऊंनी कूलर मुकाट्याने बाहेर नेला. परत येऊन म्हणाले, "ताई, सकाळी ही खोली थंड राहते. आता याले आराम करू द्या. उद्या सहाले मी चावी घेऊन येतो."

ते खापरखेड्याला राहत. पहिली बस धरून चार दिवस आले. सकाळच्या गारव्यात माझा रंग टिकू लागला. पाचव्या सकाळी संगणकाच्या पडद्यावरच्या आलेखात उंच शिखराशेजारचा छोटा उंचवटा, म्हणजे अणूंची उरलेली थरथर, हळूहळू पुसला गेला. गुंजन उभीच राहिली.

"बिघडलं काय, ताई?"

"नाही भाऊ. अणू उतरले. याच्याखाली पायरीच नाही." मग ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी उगाच बोलली तुम्हाले."

भाऊ मऊ फडक्याने माझ्यावरची धूळ पुसत राहिले.

आठवड्याने मी विझलो. गुंजन डॉक्टर झाली, नवा लेझर आला, मी कपाटात गेलो. तक्रार नाही. मागणं एकच आहे, मित्रांनो. तुमच्याजवळ राबणारं कुणी चुकू लागलं, यंत्र असो की माणूस, तर त्याला लगेच ताणू नका. त्याला ऊन तर लागलं नाही ना, ते आधी बघा.