बाक पुसायची घाई

आमच्या सुतारकामात एक रीत आहे. माणूस गेला की त्याच्या बाकावरचं अर्धं काम बाकीच्यांनी पुरं करायचं, पटाशी-रंधा कापडात गुंडाळायचा आणि बाक पुसून घ्यायचा. काम तसंच पडलं तर गेलेल्याचा जीव त्यात अडकतो, असं माझे वस्ताद म्हणायचे. मी बायकोसाठी तेच करायला गेलो आणि घोळ झाला.

ती कॉम्प्युटरवर काम करायची. पगाराच्या नोकरीखेरीज तिचं आणखी एक काम होतं, बिनपगारी. देशोदेशीच्या काही लोकांनी मिळून एक सॉफ्टवेअर बनवलं आहे. ते कुणीही फुकट वापरावं, आतला कोड कुणीही उघडून बघावा, जमलं तर सुधारावा. ते कशासाठी, तर कामं वाटून घ्यायला आणि विसरली जाऊ नयेत म्हणून. काही बिघडलं किंवा नवीन हवं असलं की तिकीट उघडायचं, म्हणजे त्या कामाची नोंद करायची, ते कुणीतरी आपल्या नावावर घ्यायचं, काम झालं की बंद करायचं. त्या सॉफ्टवेअरमधल्या बिघाडांची तिकिटंही त्यातच उघडायची.

"म्हणजे रंध्यानंच रंधा तासायचा," मी म्हणायचो.

"कळलं ना? मग आता लांब बसा. कीबोर्डात भुसा पडतोय."

आजारी पडली तेव्हा तिनं त्या लोकांना कळवलं होतं, थोडे दिवस येणार नाही म्हणून. नंतरचं कुणी कळवलं नाही. तिच्या ऑफिसला मुलीनं सांगितलं. हे लोक माझ्या ध्यानातच आले नाहीत.

एका दुपारी मुलगी आत आईचे कपडे आवरत होती. मी बायकोच्या टेबलाशी बसलो. कॉम्प्युटर लावला तर समोर तिचं नाव आणि खाली तिच्या नावावरची तिकिटं. सगळी उघडी.

"हे काय गं?" मी ओरडून विचारलं.

"आईची राहिलेली कामं, बाबा. राहू द्या ते."

मला राहू देववेना. प्रत्येक तिकिटाशेजारी एक चौकोन होता. सगळ्यात वरचा दाबला की सगळे एकदम निवडले जातात, हे बायकोनंच मला एकदा कौतुकानं दाखवलं होतं. तो दाबला. मग "बंद करा" दाबलं. पडदा कोरा झाला. बरं वाटलं. मी टेबलावरून हातसुद्धा फिरवला.

आणि निरोप यायला लागले. तिकीट बंद झालं की ज्यांचा ज्यांचा त्याच्याशी संबंध आहे त्या सगळ्यांना कळतं, हे मला कुठे ठाऊक?

"आलीस! तब्येत कशी आहे?" "एका दमात सगळं संपवलंस? आम्हाला लाज आणलीस." "ताई नव्हती तर इथे सगळे मोकाट सुटले होते." एकानं नाचणाऱ्या अस्वलाचं चित्र पाठवलं.

मुलगी बाहेर आली, निरोप वाचले. "बाबा, काय केलंत हे? त्यांना वाटतंय आई परत आली."

"मग कर जसं होतं तसं."

"उघडता येतील परत. पण पुसलं जात नाही इथे काही. आईनं आज बंद केली, असंच कायम दिसणार. कुणी काय केलं ते लपता कामा नये, हा नियम आईचाच."

तेवढ्यात पडद्यावर फोन वाजायला लागला. तिच्याबरोबर काम करणारा एक होता, त्याला ती दाढी म्हणायची. मुलगी म्हणाली उचलू नका, पण मी उचलला. दाढीभर हसू होतं.

"ताई, अगं..." मग त्याला मी दिसलो. "भाऊजी? ताई कुठंय?"

लाकूड किडलंय हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. इथे मी उगाच कीबोर्ड पुसत राहिलो. त्याचं हसू हळूहळू उतरलं.

"मी बंद केली ती," मी म्हणालो. "ती गेली हो. महिना होत आला."

त्यानं चष्मा काढला. "इथे सगळे नाचतायत, भाऊजी."

"तुम्ही सांगता का त्यांना?"

"सांगतो. पण तिकिटं तुम्ही उघडा. आणि तिच्या नावानं नको. स्वतःच्या."

मुलीनं मला नवं खातं काढून दिलं. नाव काय लावू म्हणाली. म्हटलं, सुतार लाव. एकेक तिकीट उघडत गेलो आणि प्रत्येकाखाली लिहीत गेलो: "हे तिनं बंद केलं नव्हतं. मी केलं. चुकलो."

त्यात एक तिकीट तिनं स्वतःच काढलेलं होतं. सगळी तिकिटं एकदम बंद करताना आधी विचारावं आणि किती जणांना निरोप जाईल ते दाखवावं, अशी मागणी होती. खाली कुणीतरी वाद घातला होता: उगाच खोळंबा होईल, न बघता दाबणारा माणूस असतो का कुठे?

तिनं उत्तर लिहिलं होतं: "आमच्या घरी आहे एक. गुणाचा आहे, पण हाताला घाई."

मुलगी हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी तेही तिकीट उघडलं. खाली माझं नेहमीचं वाक्य लिहिलं.

वाद घालणाऱ्यानं ते त्याच दिवशी स्वतःच्या नावावर घेतलं. बाकीची इतरांनी वाटून घेतली. वस्ताद सांगायचे तसंच. अर्धं काम पुरं करायचं असतं, नुसतं झाकायचं नसतं. आयुष्यभर लाकूड कापून मला एवढंही उमजलं नव्हतं. त्या लोकांना दुपारभर ती परत मिळाली आणि संध्याकाळी गेली, ते माझ्यामुळे. तिच्या नावापुढची ती बंद केल्याची तारीख आता निघायची नाही.

परवा दाढीचा फोन आला. "ताईच्या तिकिटाचं काम झालंय. तपासायला तुमच्यासारखाच माणूस हवा, भाऊजी."

खोटी तिकिटं मांडून दिली होती. वरचा चौकोन दाबला, "बंद करा" दाबलं. पडद्यावर आलं: इतक्या जणांना कळेल. नक्की?

मी हात मांडीवर घेतला.

"काय झालं?" दाढी म्हणाला. "पुढे दाबा की."

"थांबा जरा," मी म्हणालो. "ती विचारतेय."