काशीला सोडलेला टोमॅटो

एकनाथ मास्तरांच्या छातीत कळ आली आणि मंद्रूपच्या घरात अनसूयाबाईंची झोपच उडाली. सोलापूरच्या दवाखान्यातून मास्तर सुखरूप परतले, पण तिथल्या आहार सांगणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, गोळ्या चुकवू नका आणि ताटात तांबडं वाढवा. कलिंगड, पपई, आतून गुलाबी निघणारा पेरू आणि बारमाही मिळणारा टोमॅटो. त्यातला लाल रंग, लायकोपिन म्हणतात त्याला, काळजाला बरा. टोमॅटो थोड्या तेलात शिजवला की तो अंगी जास्त लागतो. औषध नव्हे, पण हातभार लागतो.

अनसूयाबाईंनी त्याच दिवशी टोमॅटोची चटणी परतली. मास्तरांनी वाटी बाजूला सारली. काशीयात्रेत मी टोमॅटो सोडलाय, देवाला दिलेला शब्द मोडू कसा, म्हणाले. बरं, इतर फळं? तर कलिंगड थंड पडतं, पपई उष्ण पडते, पेरूच्या बिया दातात अडकतात. न करत्याचा वार शनिवार, दुसरं काय!

देवाला सोडलेल्या गोष्टीला हात लावायची बाईंना धास्तीच वाटायची. पण नवऱ्याला गमावायची भीती त्याहून मोठी होती. विचार करता करता त्यांना नव्या संसारातलं सार आठवलं. हौसेनं केलेलं टोमॅटोचं सार या माणसानं गुपचूप म्हशीच्या आंबोणात ओतलं होतं! काशीला आवडीचं सोडायचं असतं आणि हा बहाद्दर नावडतं सोडून आला होता. बाईंचं डोकं सणकलं.

त्यांनी वाटी पुन्हा मास्तरांपुढं ठेवली आणि ते सार आठवतंय का, एवढंच विचारलं. मास्तरांची मान खाली गेली. आवडीचं सोडायचं धाडस झालं नाही, असं त्यांनी कबूल केलं.

"मी आंबा सोडला तितं," बाई म्हणाल्या. "लई आवडायचा मला. तुमाला आयुष्य मिळावं म्हणून सोडला. तो फुकट घालवू नका."

मास्तरांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि तोंड वाकडं करत गिळला. बाई समोरून हलल्या नाहीत. वाटी रिकामी झाल्यावर मास्तरांनीच ती पुढं केली.

"वाढ," ते म्हणाले.