डावखुऱ्या मावशीची सुरी

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. जपानी आहे, हाताने घडवलेली आहे, आणि स्वतःच्या कौतुकाचा मला वीट आला आहे. तुम्हाला हा उद्धटपणा वाटेल. वाटू द्या, पण आधी ऐकून घ्या.

समुद्रकाठच्या एका लहानशा गावात एका लोहाराने मला घडवले. तो पोलाद तापवून ठोकायचा, त्याची बायको मूठ बसवायची. काम झाल्यावर त्याने मला जाड कागदात गुंडाळले आणि फळीवर ठेवून दिले. मखमल नाही, पेटी नाही. त्याच्या लेखी मी भाजी चिरायची वस्तू होते. शहाणा माणूस!

बोटीवरच्या एका खलाशाने मला विकत घेतले आणि घरी परतल्यावर आपल्या बहिणीला दिले. ती मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होती. दीडशे पोरी तिला मावशी म्हणायच्या, म्हणून मीही तिला मावशीच म्हणते. मावशी डावखुरी होती. रोज दुपारी भांडी आवरली की ती ओट्यावर ओला दगड ठेवायची आणि मला दहा मिनिटे घासायची. असे बावीस वर्षे चालले. घासून घासून माझ्या धारेचा उतार डाव्या अंगाला गेला आणि उजवे अंग जवळजवळ सपाट झाले. तिच्या हाताला मी इतकी सरावले की दुसऱ्या कुणी मला उचलले तर काकडीची चकती हमखास तिरकी पडायची. मग मावशी हसून म्हणायची, "ती माझी आहे गं, तुझं नाही ऐकायची."

कांद्याच्या रसाने माझ्या अंगावर निळीकाळी झाक चढली होती. मुठीला तिच्या अंगठ्यापाशी खळगा पडला होता. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे.

पुढे तिच्या बोटांचे सांधे सुजले. काम सुटले. तिने मला आपल्या भाच्याकडे दिले, कारण त्याला सुऱ्यांचा नाद होता.

"माझी लेक कामाला लागली की परत दे," ती म्हणाली. "तोवर गंज तेवढा चढू देऊ नकोस."

"मावशी, डोळ्यांत तेल घालून जपतो!" भाचा म्हणाला. आणि मित्रांनो, तो हे मनापासून म्हणाला, हेच तर वाईट आहे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सुऱ्यांच्या दुकानाच्या माडीवर या नादिष्टांचा मेळावा भरतो. दुकानदार लांब टेबलावर करडे कापड अंथरून नव्या जपानी सुऱ्या मांडतो. मग ही पंधरा-वीस मंडळी एकेक पाते उचलून दिव्याकडे धरतात, एक डोळा मिटतात आणि पोलादाची कुळी सांगू लागतात. एकालाही घरी साधी डाळ शिजवता येत नसेल, पण इथे सगळे नाकाने कांदे सोलतात.

धार पाहायची त्यांची रीत ऐका. शर्टाची बाही वर करून हातावरचे केस भादरतात! प्रत्येकाचा एक हात उंदराने कुरतडल्यासारखा झालेला असतो. ज्या पात्याने मी दीडशे पोरींच्या पोटात जाणारी भाजी चिरली, त्या पात्याला घामट केस चिकटतात आणि मग ते पाते पँटीला पुसले जाते. मला अक्षरशः शिसारी येते. टोमॅटोंचे तर विचारूच नका. आरपार दिसेल इतकी पातळ चकती कापायची, 'वा, वा' म्हणायचे आणि सगळे बादलीत फेकायचे. दुपारपर्यंत बादलीला आंबूस वास सुटतो, चिलटे घोंगावू लागतात. एक महाशय नव्या कोऱ्या सुरीला मोहरीचा लगदा फासून बसतात, म्हणजे डाग पडून ती वापरलेली दिसावी. अहो, वापरा की मग!

खरे सांगायचे तर पहिल्या खेपेला मलाही ते आवडले. मी लोहाराच्या हातची, जुनी, दुर्मीळ. सगळ्यांनी मिळून मला हरभऱ्याच्या झाडावर चढवले आणि मी चढले. ते आठवले की स्वतःचीही किळस येते.

या मंडळींचा म्होरक्या एक दंतवैद्य आहे. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. परवाच्या मेळाव्याआधी आठ दिवस त्याने भिंग लावून मला तपासले.

"अरेरे, कुणा अडाण्यानं धार एका बाजूला ओढलीय," तो भाच्याला म्हणाला. "बिघडवलीय पार. उजव्या अंगानं नवी धार काढू, डाग घालवू, मूठ बदलू. नव्यासारखी होईल."

भाच्याचे डोळे चमकले. मावशीची लेक सोमवारपासून त्याच वसतिगृहात कामाला लागणार होती. तीही डावखुरी, आईच्या शेजारी उभी राहून माझ्यावरच हात बसवलेली. तिला चकित करू, असे भाच्याने ठरवले. मावशीला विचारावे, हे काही त्याला सुचले नाही. डॉक्टरने मला यंत्रावर घासले. निळीकाळी झाक गेली. अंगठ्याचा खळगा कचऱ्यात गेला. डावा उतार कापून उजवा काढला.

रविवारी भाच्याने मावशीला आणि लेकीला माडीवर बोलावले. मला पेटीतून काढल्यावर टाळ्या पडल्या. लेकीने मला डाव्या हातात घेतले आणि समोरची काकडी चिरली. चकती तिरकी गेली. दुसरीही. तिसरी अर्ध्यातच निसटली.

"ताई, तुमचा हात चुकतोय," डॉक्टर म्हणाला. "सुरी आता एकदम अचूक आहे."

मावशीने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती भाच्याला म्हणाली, "तू चार वर्षांचा असताना तापानं फणफणला होतास. सहा दिवस मी तुला भरवलं. कुठल्या हातानं, आठवतंय?"

भाच्याने तिच्या हातांकडे पाहिले. दोन्ही हात पिशवीच्या बंदांना धरून होते. त्याची नजर उजव्यावरून डाव्यावर गेली, डाव्यावरून पुन्हा उजव्यावर. टाळ्या वाजवणारे सगळे एकाएकी टेबलावरच्या सुऱ्या पुसू लागले.

"चल, आई," लेक म्हणाली. "घरी घासू जमेल तेवढी."

संध्याकाळभर ती दगडावर मला घासत राहिली, आणि मावशी शेजारी बसून सुजलेल्या बोटांनी पाणी शिंपडत राहिली. बावीस वर्षांचा उतार एका संध्याकाळी कुठला परत यायला? सकाळी ती मला तशीच कामावर घेऊन गेली. तिच्या हाताला बसणारी दुसरी सुरी नव्हतीच. कोबी चिरताना मी घसरले आणि तिचा अंगठा कापला. मावशीच्या घरातल्या कुणाचे रक्त मी आजवर काढले नव्हते. तिने चिंधी बांधली, मला धुतले आणि पुढचा कोबी घेतला. उतार परत येईपर्यंत माझे अर्धे पाते झिजून जाईल. उरेल त्यात तिची किती वर्षे निघतील, कोण जाणे.

मित्रांनो, कुणी आपली वस्तू तुमच्या हाती सोपवली, तर तिला भिंग लावू नका. ज्याची आहे त्याचा हात आधी नीट पाहा, आणि त्याला विचारल्याशिवाय तिला नवी करू नका.