तीन वर्तुळं आणि सोळा पुंजके

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, माझ्या मालकांचा शेवटचा साधासुधा दिवस मला लख्ख आठवतो. ते रेडिओ अभियंता होते. निवृत्तीनंतरही गच्चीवरच्या अँटेनातून ते संदेशलहरी पकडत आणि माझ्याकडून त्यांचा ठिपक्यांचा आलेख काढून घेत. एकेक ठिपका म्हणजे लहरीचा एकेक क्षण. हजारो ठिपके पडले, की त्यांचे सोळा पुंजके दिसू लागत. त्याला ते नक्षत्र म्हणत. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट आकाशातून येऊन इतक्या शिस्तीत माझ्या पडद्यावर बसे, याचं मला अजूनही नवल वाटतं.

त्या दिवशी मात्र पुंजक्यांऐवजी एकात एक तीन वर्तुळं उमटली.

"नक्षत्र गरगरतंय गं," ते लेकीला म्हणाले. "आपलं घड्याळ लहर पाठवणाऱ्याच्या घड्याळाशी जुळत नाहीये."

"मग किल्ली द्या त्याला! आधी जेवायला चला, आई ओरडतेय."

"उद्या थांबवतो याला," म्हणत ते उठले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले.

सहा महिने माझ्यावर धूळ साचली. मग मला भंगारात द्यायचं ठरलं. आदल्या दुपारी लेकीने मला सुरू केलं. बाबांचं अर्धं राहिलेलं काम तिला तसंच जाऊ द्यायचं नव्हतं. माझ्यात साठवलेल्या त्या दिवशीच्या लहरीचा तिने आलेख काढला, तर सगळे ठिपके रेघांनी जोडले गेले. तिने बाबांच्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला.

"काका, बाबा म्हणाले होते नक्षत्र गरगरतंय, पण इथे तर सुताचा गुंता झालाय नुसता!"

"अगं बाई, रेघा कशाला ओढल्यास? नुसते ठिपके टाक. आणि प्रत्येक ठिपका आधीच्यापेक्षा जरासा जास्त उलटा फिरव. किती, ते चुकतमाकतच कळेल. तुझा बाप तरी दुसरं काय करायचा?"

तिने आकडे बदलून पाहिले. वर्तुळं हटेनात. ऊन खिडकीतून भिंतीवर सरकलं. मग वर्तुळांचे तुकडे पडले, तुकडे आखडत गेले, आणि सोळा पुंजके उभे राहिले. किंचित तिरके, पण स्थिर.

सहा महिन्यांपूर्वी येऊन गेलेली लहर. तिचा कण न् कण जागेवर होता.

मला उद्या नेलं तरी हरकत नाही, मित्रांनो. एवढंच मागतो: घरातलं कुणी आपलं वेड दाखवायला हाक मारील, तेव्हा खुर्ची ओढून घटकाभर बसा.

लेकीने पडद्यावर हात ठेवला आणि ती मोठ्याने म्हणाली, "बाबा, मला यातलं कधीच काही कळायचं नाही. तुमचं बोलणं थांबू नये, म्हणून मी मान डोलवायचे."