बिनसाखरेची खीर

“कोनं काढल्या?”

अंजनाच्या हातात खराटा होता आणि तो तिनं असा धरला होता की माईकची वायर जोडत बसलेला लोकेश उठून दोन पावलं मागे सरकला.

“जय भीम काकू. बुद्धपौर्णिमेच्या मंगलकामना.”

“मंगलकामना ठेव तुह्या खिशात. काल संध्याकाळी सगळ्याईनं मिळून पताका बांधल्या. कोनं काढल्या, थे सांग.”

लोकेशनं वर पाहिलं, म्हणून तिनंही पुन्हा एकदा वर पाहिलं. विहाराच्या दारापासून रस्त्याच्या तोंडापर्यंत चकचकीत प्लास्टिकच्या पताका फडफडत होत्या. प्रत्येकीवर भैयाजी हात जोडून हसत होते. कोपऱ्यात तथागत होते, करंगळीच्या नखाएवढे. भैयाजी म्हणजे गावातले सगळ्यात मोठे धानवाले. रस्त्यावर त्यांची राईस मिल आहे, आणि यंदा जिल्हा परिषदेला उभं राहायचं त्यांच्या मनात आहे. त्यांना कधी नव्हे तो विहाराचा रस्ता आठवला होता.

“भैयाजीच्या मानसाईनं लावल्या,” लोकेश म्हणाला. तो विहार समितीचा अध्यक्ष. सडक अर्जुनीला त्याचं मोबाईलचं दुकान आहे आणि बोलण्यात गिऱ्हाईक पटवायची सवय. “नाई कसं म्हनाव काकू? विहाराले टिनाचं शेड देऊन रायले. आजची खीर बी त्याईचीच हाय. दर साली लोकं इथं उन्हात भाजून निघतेत. तुमीच तर म्हनत होत्या.”

“शेड घे ना. मी कुठं नाई म्हनून रायली? पन शेडसाठी आमच्या पताका कायले काढा लागल्या?”

“फोटोत दोन-दोन बरोबर नाई दिसत.”

अंजनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती विहाराच्या मागे गेली. पाण्याच्या ड्रमाशेजारी त्यांच्या पताकांचा गोळा करून टाकला होता. ड्रम रात्री भरून वाहिला असणार. पतंगी कागदाला पाणी लागलं की रंग सुटतो. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी, सगळ्यांचा मिळून एक घाणेरडा लगदा झाला होता. तिनं तो उचलायला हात घातला तर हातात नुसती सुतळी आली.

या वस्तीची एक रीत आहे. बुद्धपौर्णिमेच्या आठवड्यात प्रत्येक घर आपली पताका आपल्या हातानं करतं. मैद्याची खळ शिजवायची, कागदाला दुहेरी घडी घालून अर्धं पान कापायचं, घडी उघडली की पिंपळाचं अख्खं पान हातात येतं. एवढं कापणं चार वर्षांच्या पोरालाही जमतं, म्हणून पानं कापायचं काम पोरांचं. सुतळीला पानं चिकटवायचं काम बायांचं. आपल्या दारापासून शेजारच्या दारापर्यंत आपली पताका न्यायची, शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्यापर्यंत, आणि शेवटच्या घरानं विहारापर्यंत. मग ज्या घरात मयत झाली असेल, ज्याच्याशी भांडण असेल, त्याच्याही दाराला सुतळी बांधावीच लागते. जेवढी घरं तेवढी दारं, एकही सुटत नाही. शाळेत खिचडी शिजवणारी अंजना उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारपासून अंगणात खळीचं पातेलं घेऊन बसायची, आणि सगळ्या बाया तिच्या अंगणात. आठवडाभर तेच. आणि ते सगळं फोटोत बरोबर दिसत नाही म्हणून लोकेशनं ड्रमाशेजारी टाकलं होतं.

घरी आली तेव्हा साक्षी ओसरीत बसून चारोळी निवडत होती. पोरगी गोंदियाला नर्सिंग शिकते, सणाला आली होती. जंगलातून आणलेली चाराची फळं फोडून काढलेली ती चारोळी, चिन्नोर तांदूळ आणि घरच्या म्हशीचं दूध, अंजनाच्या खिरीचं एवढंच भांडवल. देवीदास, तिचा नवरा, नळाखाली तोंड धूत होता. पंचक्रोशीतल्या मोटारपंपांचा मिस्त्री. कोणाची मोटर जळो, कोणाचा फुटव्हॉल्व्ह अडको, देवीदास पिशवी घेऊन हजर. कोणाशी वाकडं बोलायचा नाही, ही त्याची ख्याती.

“साक्षीचे बाबा, आपल्या पताका काढल्या तुमाले मालूम हाय?”

देवीदासनं टॉवेल तोंडावर धरला आणि नको तितका वेळ तोंड पुसत राहिला. पंचवीस वर्षांच्या संसारात अंजनाला त्या टॉवेलाचा अर्थ कळत होता.

“तुमाले मालूम होतं.”

“लोकेश घरी आला होता काल. तू झोपली होती. म्हने, शिडी पाह्यजे. म्या शिडी नेली.” थोडं थांबून तो म्हणाला, “धरली बी म्याच. वर चढलेला पोरगा पडला असता.”

“तुमी शिडी धरली?”

“जाऊ दे ना वो. कागदच होते. शेड होऊन जाईन.”

जाऊ दे! या दोन शब्दांवर या माणसानं आयुष्य काढलं होतं. मजुरी बुडाली, जाऊ दे. भावानं धुरा रेटून शेत खाल्लं, जाऊ दे. अंजनाच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि जे तिनं कधीच बोलायचं नाही असं ठरवलं होतं ते तोंडून निघून गेलं.

“भैयाजीच्या घरी खीर पाठवली होती म्या. ही साक्षी होती आठ-नऊ वरसाची. तुमीच म्हनले होते, मोटरचं काम देते बिचारा, डबा दे एक. पोरगी डबा घेऊन गेली. रुख्माबाई होती अंगनात, भैयाजीची माय. तिनं डबा घेतला अन् पोरीच्या डोयासमोर ढोराच्या टोपल्यात पालथा केला. भैयाजी खाटेवर पेपर वाचत होता. पाह्यलं त्यानं. पान पलटवलं अन् वाचत रायला.”

साक्षीचे हात थांबले. ती खाली बघत म्हणाली, “माय, कायले काढते ते आता?”

“आता नाई त कवा? आता त्याची खीर येऊन रायली आपल्या विहारात, पेल्यापेल्यात. आपन ते खायाची अन् हात जोडायचे!”

देवीदास टॉवेल हातात घेऊन तसाच उभा होता. “मले काऊन नाई सांगितलं?” तो म्हणाला.

यावर अंजनाजवळ उत्तर होतं. पण ते उत्तर तिनं गिळलं. सांगितलं असतं आणि त्यावरही हा माणूस ‘जाऊ दे’ म्हणाला असता, तर त्या दिवसानंतर ती त्याच्या ताटात भाकर कशी वाढणार होती? म्हणून नव्हतं सांगितलं. ती चुलीकडे वळली आणि दुधात तांदूळ सोडून असा पळा फिरवू लागली की पातेलं वाजलं. देवीदास आंघोळीला गेला.

वंदनेची वेळ आठची होती. पांढऱ्या साड्या नेसून बाया आल्या, वर बघून एकमेकींकडे बघितलं आणि मूग गिळून बसल्या. भैयाजी आले दहा वाजता. तोवर ऊन डोक्यावर आलेलं, पोरं कुरकुरायला लागलेली. वंदना त्यांच्यासाठी अडवून ठेवली होती, तथागतांनाही थांबायला लावलं लोकेशनं! मग त्रिशरण झालं, पंचशील झालं, मेणबत्त्या लागल्या. भैयाजींसाठी लाल गादीची खुर्ची होती, बाकी सगळ्यांना सतरंजी. भाषणात त्यांनी शेडचं सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंजनानं नाही वाजवल्या.

गोंदियाच्या केटररची माणसं प्लास्टिकचे पेले वाटू लागली. पेल्यावरही भैयाजी हसत होते. लोकेशनं एक पेला त्यांच्या हातात दिला, मोबाईल वर धरला, आणि भैयाजींनी कॅमेऱ्याकडे बघत दोन चमचे खीर खाल्ली. “वा, बढिया,” म्हणाले.

अंजना उठली. वाटी तिनं पदराखाली झाकून आणली होती. स्टीलची, वरपर्यंत भरलेली, वर चारोळी. ती सरळ खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

“भैयाजी, हे माह्या हातची.”

भैयाजींचं हसू क्षणभर जागच्या जागी राहिलं. “अरे, अंजनाबाई! देवीदास मिस्त्रीच्या घरच्या ना? कायले तरास घेतला. पन मले शुगर हाय ना बाई. डॉक्टरनं बिलकुल मना केलं गोड.”

सतरंजीवरची कुजबूज थांबली. आताच या माणसानं दोन चमचे खीर सगळ्यांदेखत खाल्ली होती, आणि तो पेला अजून त्याच्या दुसऱ्या हातात होता. भैयाजींना ते उमगलं आणि त्यांनी पेला हळूच खुर्चीखाली ठेवला. लोकेश कपाळावरचा घाम पुसत पुढे आला. “काकू, बसा ना तुमी. कार्यक्रम चालू हाय.”

“तू थांब गा. मी मेहमानाशी बोलून रायली.” अंजनाचा आवाज माईकशिवायही शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. “शुगर हाय म्हनता. बरोबर हाय, मानसाले होते शुगर. मी बिनसाखरेची करून आनते. दूध हाय, भात शिजवून ठेवला हाय, चूल पेटलेली हाय. बसाल का तुमी?”

नाही म्हणावं तर मतं बसली होती समोर. भैयाजी हसले. “आना, आना. तुमच्या हातचं खाऊनच जाईन.” लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. काही बायांनीही वाजवल्या, आणि अंजनाला वाटलं की यांचे हात धरावेत.

ती घरी धावत गेली नाही. चालत गेली, पण पायांत चपला घालायचं विसरली आणि रस्ता तव्यासारखा तापला होता. साक्षी मागून आली. साक्षीनं फुंकणीनं चूल फुंकली, अंजनानं दूध आटवलं, भात घातला, विलायची कुटली. साखरेचा डबा समोरच्या फळीवर होता. तिकडे तिनं बघितलं नाही. मनात ती त्या माणसाशी बोलत होती. खाशील तू. सगळ्यांसमोर एक चमचा खाशील. मग मला तुझ्या शेडची काही तक्रार नाही, तुझं तोंड पताकांवर राहू दे वर्षभर. एक चमचा खा फक्त, माझ्या पोरीसमोर.

“माय, थो थांबन का?” साक्षीनं विचारलं.

“सगळ्याईसमोर बोलला हाय.”

वाटी दोन्ही हातांत धरून ती परत विहाराच्या वळणावर आली, तेव्हा समोरून पांढरी गाडी निघत होती. काचा वर होत्या. गाडी तिच्या अंगावर धूळ उडवत हायवेकडे गेली. अंजनानं वाटीवर पदर ओढला, तेवढीच खीर वाचली.

विहारासमोर माणसं उठायला लागली होती. रिकामे पेले सतरंजीवर जिकडेतिकडे लोळत होते, त्यांच्यावरचं हसू तसंच. लोकेश लगबगीनं पुढे आला. “फोन आला वो काकू त्याईले. नागपूरहून. लई अर्जंट होता. म्हनले, अंजनाबाईले सांगजो, फिर कभी.”

ती वाटी लोकेशच्या पांढऱ्या शर्टावर फेकून मारावी, असं अंजनाच्या मनात येऊन गेलं. हात वर गेलाही असता. पण तेवढ्यात कोणीतरी तिच्या मनगटाला धरलं.

देवीदास होता. पांढरा सदरा, ओले विंचरलेले केस. तो शेवटच्या रांगेत बसला होता हे तिला माहीतच नव्हतं. त्याच्या डाव्या हातात भैयाजींच्या खिरीचा पेला होता, काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली. तो पेला त्यानं लोकेशच्या हातात दिला.

“हे धर बाबू. म्या नाई खाल्ली.”

“काका, तुमी बी!”

देवीदासनं अंजनाच्या हातातली वाटी घेतली. इकडेतिकडे बघितलं, आणि मग सरळ जाऊन त्या लाल गादीच्या खुर्चीवर बसला. उभ्या आयुष्यात हा माणूस कुठल्याच कार्यक्रमात पुढे बसला नव्हता. खुर्चीत त्याला नीट बसताही येत नव्हतं, एका कडेला टेकल्यासारखा बसला. उठून चाललेली माणसं थांबली. बायांमधलं कोणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

“साखर नाई त्यात,” अंजना म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता, त्याच्यावरचा तर मुळीच नाही.

“मालूम हाय.”

“घास उतरनार नाई.”

चमचा नव्हता, म्हणून त्यानं बोटांनी खायला सुरुवात केली. गरम होती, बोटं भाजत होती. अगोड दूधभात तो एकेक घास करून सगळ्यांच्या देखत खात राहिला, मान खाली न घालता. साक्षी त्याच्यासमोर उन्हात उभी राहून बघत होती. वाटीचा तळ दिसला तरी तो थांबला नाही. कडेची साय बोटानं निपटून खाल्ली, आणि वाटी साक्षीपुढे धरून म्हणाला, “अजून हाय का घरी?”